नवरीच्या डोळ्यातला गोल

मी एक जुना रिफ्लेक्टर आहे. नाव ऐकून घाबरू नका मित्रांनो, काम साधं आहे. पोलादी पट्टीचं एक मोठं कडं, त्यावर ताणून बसवलेलं कापड. एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने सोनेरी. ऊन माझ्यावर पडतं आणि मी ते नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर टाकतो. स्वतःचा उजेड माझ्याकडे काडीचा नाही. सगळी उसनवारी.

कारखान्यात मला पिळून, घडी घालून एका छोट्या पिशवीत कोंबलं होतं. दुकानातून मला घेतलं ते लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका काकांनी. सारखं "हसा! हसा!" ओरडायचे म्हणून पोरांनी त्यांचं नाव हसाकाका पाडलेलं. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला हसताना मी क्वचितच पाहिलं. पहिल्या दिवशी त्यांनी चेन उघडली आणि मी फाडकन उघडून त्यांचा चष्मा उडवला. मग मला परत घडी घालताना पार कुस्ती झाली. गुडघ्याखाली दाबलं, पोटाशी धरलं, छे! शेवटी काकू स्वयंपाकघरातून आल्या. मनगटाला हलका पीळ, दोन्ही हात एकमेकांकडे, झालं.

"अहो, जोर कशाला लावता? ते जिकडे वळतंय तिकडे वळू द्या."

त्या दिवसापासून मला धरायचं काम काकूंचं. सोपं नाही ते. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली खड्डे दिसतात, तिथे मला उजेड पोचवायला लागतो. फार खालून धरलं तर नवरी भुतासारखी दिसते. एकदा सोनेरी बाजू लावली, तर नवरदेवाला कावीळ झालीय की काय असं त्याच्याच बहिणीने विचारलं! फोटो छान आला की कौतुक कॅमेऱ्याचं. बिघडला की "रिफ्लेक्टर नीट धरला नाहीस." आम्हा दोघांना त्याची सवय झाली होती.

पण खरं काम वेगळंच चालायचं, ते कॅमेऱ्यामागच्या काकांना ऐकूच यायचं नाही. काकू माझ्या मागे उभ्या असायच्या. माझ्या वरून नुसतं डोकं काढायच्या आणि हळूच बोलायच्या.

"अगं, खांदे कानाला लागलेत तुझे. सोड खाली. हां."

"नवरदेव, हात कमरेवर ठेवायचाय, भाजीची पिशवी नाही धरलेली."

नवरी फिस्सकन हसायची. तेवढ्यात तिकडून काका "हसा!" म्हणून बटण दाबायचे. फोटो झकास यायचा. काकांना वाटायचं, आपल्या ओरडण्याने आला.

अशी कितीतरी वर्षं गेली. माझी चंदेरी बाजू चुरगळली, काकूंचा खांदा आखडला. हात वर जाईना. केस विंचरतानासुद्धा कळ यायची. काकांनी एक तीन पायांचा स्टँड आणला आणि मला त्यावर चिमट्यांनी टांगलं.

"आता तू घरी आराम कर," ते म्हणाले. प्रेमानेच म्हणाले.

"घरी बसून कोणाला हसवू? भिंतींना?"

"अगं, धरायलाच तर होतीस ना! ते हा करेल."

काकू "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"मध्ये काय होतं ते मला कळलं. एवढ्या वर्षांचं काम एका लोखंडी काठीने घेतलं होतं.

काकूंशिवायचं पहिलं लग्न एका गच्चीवर होतं. नवरी बिचारी कावरीबावरी. समोर नवऱ्याकडची सगळी मंडळी खुर्च्या मांडून बघत बसलेली. नवरा लाकडासारखा ताठ. काका ओरडले, "हसा!" दोघं हसले, पण दात दाखवायला डॉक्टरकडे आल्यासारखे. "अजून हसा! मोकळं हसा!" नवरीचे डोळे भरून आले. खांदे पार कानाला. सांगणार कोण? मी कापड, स्टँड लोखंड.

आणि त्यात वारा सुटला. स्टँडला खाली वजन बांधायचं असतं, ते काका विसरले. विसरणारच, काकूंना कधी वजन बांधावं लागलं नव्हतं ना! मी शिडासारखा फुगलो आणि स्टँडसकट आडवा झालो. नवरदेव वाकला म्हणून वाचला. मी कठड्यावर आपटलो. कडं वाकलं, कापड टर्रकन फाटलं.

"फोटो काढताय की पतंग उडवताय?" नवऱ्याची आई कडाडली.

काका घामाघूम. त्यांनी मला जोर लावून, कसंबसं पिशवीत कोंबलं. फार दुखलं मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कॉम्प्युटरवर फोटो बघत होते. मी बाजूलाच टेबलावर, काकू मला सुई-दोऱ्याने टाके घालत होत्या. डोळे स्पष्ट आलेत का ते बघायला काकांनी नवरीचा चेहरा मोठा केला. अजून मोठा केला. तिच्या बुबुळात एक छोटा पांढरा गोल होता. तो मी. खाली तीन काटकुळे पाय. बास.

 मग काकांनी एक जुना फोटो उघडला. तसाच मोठा केला. बुबुळात गोल, गोलाच्या कडेला बोटं, आणि वर डोकावणारा एक अंबाडा. दुसरा उघडला. तोच अंबाडा. तिसरा. 

"अगं, इकडे ये. ही कोण?"

"कुठे?"

"हिच्या डोळ्यात."

काकू चष्मा लावून वाकल्या. "अय्या! किती जाड दिसतेय मी!"

"सगळ्यांच्यात आहेस तू," काका म्हणाले.  "कालची मात्र कोणाकडे बघून हसणार होती?"

माफी वगैरे काही नाही. काकांना ते जमत नाही. पण पुढच्या लग्नाला गाडीत एक घडीची खुर्ची चढली. आता स्टँड मला धरतो, त्याच्या पायाला पाण्याने भरलेले कॅन बांधलेले असतात, आणि शेजारी खुर्चीत काकू बसून बोलतात. काकांनी "हसा" म्हणणं सोडलंय. काकूंनी मान हलवली की ते बटण दाबतात.

मी मात्र दमलोय. कडं वाकलंय, उघडलो तरी पूर्ण गोल होत नाही. नवरीच्या डोळ्यात आता मी जरा अंड्यासारखा दिसतो. दिसू दे.

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्याकडे असेल तर घडी घालताना जोर लावू नका. जिकडे वळतंय तिकडे वळू द्या. आणि घरात कोणाच्या लग्नाचा फोटो असेल, तर नवरीचे डोळे एकदा मोठे करून बघा. तिथे कोणीतरी हात दुखेपर्यंत उजेड धरून उभं असेल. ते अजून तुमच्या आसपास असेल, तर त्याला आधी खुर्ची द्या.