शेवटून तिसरं पान

दारव्ह्यात लग्नाचे फोटो काढणारे आम्ही नऊ जण आहोत आणि प्रत्येकाला वाटतं की बाकीचे आठ नुसतं बटण दाबतात. मलाही तसंच वाटायचं. मी कच्च्या फाइलीवर, म्हणजे रॉवर काम करतो. कॅमेऱ्यातून फोटो फिका, निर्जीव निघतो आणि रंग, उजेड सगळं नंतर कंप्युटरवर आपल्या हाताने बसवावं लागतं. फोटो चांगला होतो, पण वेळ फार जातो आणि हार्ड डिस्क बघता बघता भरते. एका लग्नाचे चार हजार फोटो. त्यातले साडेतीनशे निवडायचं काम इतकी वर्षं माझी बायको मेहनाज करायची. "ये दुल्हन की मामी है, रहने दो," असं म्हणत ती एकेक फोटो पुढे सरकवायची. लग्नाला ती गेलेली नसायची, तरी कोण कोणाचं ते तिला चेहऱ्यावरून कळायचं.

या हंगामात मी सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं. पंधरा दिवस यवतमाळच्या दोस्तांची डोकी खाल्ली, व्हिडिओ पाहिले, फुकटच्या मुदतीत तीन सॉफ्टवेअर चालवून पाहिली. एकाचे रंग सुंदर, पण माझ्या जुन्या कंप्युटरवर ते दर पाच मिनिटांनी अडकायचं. दुसरं शिकायलाच वर्ष गेलं असतं. तिसरं स्वतःच फोटो निवडायचं, चार हजार फोटो चाळीस मिनिटांत. मी तेच घेतलं. त्यात दोन चौकोन होते. एकात लिहिलं होतं, डोळे मिटलेले फोटो बाद करा. दुसऱ्यात, बाद झालेले कायमचे पुसा. दोन्हींवर खूण मी स्वतः केली, कोणी माझा हात धरला नव्हता.

"एक बार देख तो लो," मेहनाज म्हणाली.

"मशीन तुमसे होशियार है," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासाठीच केलेलं असावं.

नव्या सॉफ्टवेअरवरचं पहिलंच लग्न मारोतीकाकांच्या वैष्णवीचं होतं. मारोतीकाका खाटा विणतात. लहानपणी देवीच्या आजारात त्यांचे डोळे गेले आणि पापण्या कायमच्या मिटल्या. बायको वारल्यावर पोरगी त्यांनी एकट्याने वाढवली. लग्नाच्या दिवशी ते पांढरा सदरा घालून मांडवात डावीकडच्या खांबापाशी उभे होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. नवरदेव संघदीप उमरखेडचा. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, आणि मग वैष्णवी वाकली, वडिलांचा तळवा तिने आपल्या गालावर ठेवला आणि म्हणाली, "पाहा बाबा, कशी दिसून राह्यली मी." काकांची बोटं कपाळावरून, कानातल्यावरून, मुंडावळ्यांवरून हळूहळू फिरली. मी बटण दाबलं तेव्हाच मला कळलं होतं, की या लग्नाचा फोटो हाच.

मशीनला ते कळलं नाही. त्याने पाहिलं, डोळे मिटलेले, बाद. मारोतीकाका ज्या ज्या फोटोत होते ते सगळे बाद. वंदनेच्या वेळी हात जोडून डोळे मिटलेले वऱ्हाडीही बाद, म्हणजे ज्यांचं वंदनेत लक्ष नव्हतं तेवढेच अल्बममध्ये आले. रंग बसवायचं कामही मी मशीनवरच सोपवलं, न पाहता फाइली नागपूरला छापायला पाठवल्या आणि कॅमेऱ्याची कार्डं घाटंजीच्या लग्नासाठी कोरी केली.

अल्बम न्यायला काका एकटेच आले. वैष्णवी सासरी होती. खुर्चीत बसून त्यांनी अल्बम मांडीवर घेतला, कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मोईनभाऊ, मी कुठं हाओ ते सांगा. माहं बोट ठिवून द्या त्याच्यावर."

मी पानं उलटू लागलो. दहा पानं, वीस पानं. नवरीची मामी होती, आचारी होता, मांडवात शिरलेलं कुत्रंसुद्धा होतं. नवरीचा बाप नव्हता. "पाणी घेता का, काका?" मी विचारलं. ते नको म्हणाले आणि बोट पुढे करून बसून राहिले.

तेव्हा खरं बोललो असतो तर एकदाच लाज वाटली असती. मी शेवटून तिसरं पान उघडलं. त्यात वैष्णवी आणि संघदीप होते आणि डाव्या बाजूला पांढरं कापड गुंडाळलेला मांडवाचा खांब. काकांचं बोट धरून मी त्या खांबावर ठेवलं.

"हे तुम्ही."

"शेवटून तिसरं. डाव्या अंगाले," ते पाठ करू लागले. खाट विणणाऱ्याच्या बोटाला जागा एकदा कळली की पुरे. "पोरगी माह्याकडं पाहून राह्यली का?"

"हव," मी म्हणालो.

दारात मेहनाज उभी होती. काका गेल्यावर तिने रिकामी खुर्ची भिंतीला सरकवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पुसलेल्या फाइली परत आणणारं एक सॉफ्टवेअर मी दोन दिवस चालवलं. बहुतेक फोटो राखाडी पट्टे होऊन परत आले. एका फोटोत पांढऱ्या सदऱ्याची एक बाही होती, बाकी काही नाही.

आठवड्याने वैष्णवीचा फोन आला. "मोईनभाऊ, मी कालच्याले माहेरी गेलती. बाबानं खांबावर बोट ठिवलं अन् म्हनलं, हा मी. मी हव म्हनलं. जनमात बाबाशी खोटं बोल्ली नवती मी."

"कोणाच्या मोबाईलवर असतील की काकांचे फोटो," मी म्हणालो. इतका निर्लज्ज मी कधी झालो, मलाच कळलं नाही.

"हायेत. पन बाबा अलबम घेऊन फिरून राह्यले, मोबाईल नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी मी काका बसतात ती गल्ली टाळू लागलो. चोराच्या मनात चांदणं. पण एकदा समोरून जीपा अडकल्या आणि स्कूटर तिकडूनच काढावी लागली. काका अर्ध्या विणलेल्या खाटेपाशी बसले होते, मांडीवर अल्बम, भोवती तीन-चार माणसं. "मस्त आले तुमी," त्यातला एक खांबाकडे पाहून म्हणाला. सगळ्या बाजाराला ठाऊक होतं आणि सगळा बाजार माझं खोटं सांभाळत होता. मी जीपवाल्याला बाजूला हो म्हणालो आणि काकांनी आवाज ओळखला.

"मोईनभाऊ! या बरं. सारे म्हनतात फोटो मस्त हाय, पन माहे डोये कसे आले, ते कोनी सांगत नाही. तुमी सांगा."

मी स्कूटर उभी केली.

"काका, थो फोटो तुमचा नाही. थो मांडवाचा खांब हाय. तुमचे सारे फोटो माह्या हातानं पुसल्या गेले. डोळे मिटेल होते म्हून."

काकांचं बोट खांबावरच राहिलं. "मंग हे लोकं इतके दिवस काय पाहून राह्यलते?" त्यांनी विचारलं. माणसं एकेक करून पांगली.

"माझ्यासंगं स्टुडिओत चला," मी म्हणालो. "चांगला फोटो काढतो."

"आता कायले? लगन तं होऊन गेलं." अल्बम मिटत त्यांनी विचारलं, "वैष्णवीले मालूम हाय?"

"हव."

त्यांनी सुतळीची गाठ चाचपली. मग म्हणाले, "मले समजलं, हे तिले नोका सांगू. मनावर गोटा ठिवून बोल्ली असन पोरगी. तिले वाटू द्या, बाबाले काही मालूम नाही."

मी हो म्हणालो. तेवढ्यात खेड्यावरची तानाबाई विणून ठेवलेली आपली खाट न्यायला आली. अल्बम पाहून तिने विचारलं, "काय दाखवून राह्यले, भाऊ?"

काकांनी शेवटून पानं मोजली, एक, दोन, तीन. डाव्या बाजूला बोट टेकवलं. "हे माही पोरगी, अन् हा मी. सांगा ना, मोईनभाऊ."

तानाबाईने खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हव," मी म्हणालो.