गोविंदाला घरी आणताना

“ओ बाई, काचेला हात लावू नका! किती वेळा सांगायचं?”

पहारेकरी ओरडला, पण माझ्या वहिनीला ते ऐकूच गेलं नाही. गोकुळावहिनी दोन्ही तळवे काचेवर टेकून उभी होती आणि काचेच्या आत माझा मोठा भाऊ उभा होता. गोविंदा. पोळ्यानंतरच्या पुरात वैनगंगेनं नेलेला.

खांद्यावर जाळं, कमरेला पंचा, छाती उघडी, भुवईवर म्हशीनं शिंग मारल्याची खूण. पुतळा आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी दोन पावलं मागं सरलो. डोळे तेवढे त्याचे नव्हते. कुणा शहाण्यानं घारे काचेचे डोळे बसवले होते. आमच्या अख्ख्या घराण्यात घारं माणूस झालं नाही! त्या डोळ्यांचा मला असा संताप आला की विचारू नका.

“भाऊजी,” वहिनी म्हणाली, “हे तं इथी उभे आहे. आपन तिकडे नदीवर फुकट आवाज देऊन राह्यलो.”

मी वडशाच्या धानगिरणीत पोती वाहणारा माणूस. शहराच्या या अजायबघरात मला काय कळणार? आम्ही जाळं मागायला आलो होतो. हे मध्येच भलतंच होऊन बसलं.

झालं असं की मागल्या हिवाळ्यात अजायबघराची माणसं आमच्या गावी आली होती. नदीकाठच्या लोकांचे पुतळे करायचे म्हणाली. त्यांना गोविंदा पसंत पडला. पडणारच, असा देखणा गडी होता तो. त्याला खाटेवर निजवला, नाकात नळ्या घातल्या आणि तोंडावर चुन्यासारखा लगदा थापला. सारं गाव जमलं हसायला. लगदा काढल्यावर गोविंदा म्हणाला, “मेल्यावर कसं वाटते थे पाहून आलो गा!” हसून हसून आमची पोटं दुखली.

त्यांना त्याचं जाळंही हवं होतं. त्यानं स्वतःच्या हातानं विणलेलं, सालीच्या काढ्यात रंगवलेलं, माशांचा वास मुरलेलं. बदल्यात शहरातलं नवं पांढरं जाळं देत होते. माय तेव्हाच म्हणाली होती, “आपल्या हातचं जाळं आपून जित्तं असतानी घराबाहेर देऊ नोको बापा.” गोविंदा कुठला ऐकतो! नवं जाळं खांद्यावर टाकून गावभर मिरवला.

त्याच नव्या जाळ्यासकट तो पुरात गेला. देह सापडला नाही.

आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांत माणूस गेला की दहाव्याला त्याला घरी आणतात. नदीवर जायचं, त्याचं नाव घेऊन हाक मारायची आणि त्याच्याच जाळ्याचा फेक टाकायचा. जाळ्यात जो जिवंत जीव येईल, झिंगा असो, गोगलगाय असो, तो आपला माणूस. त्याला लोट्यात घालून घरी न्यायचं. दारातून आतला माणूस विचारतो, कोण आलं? बाहेरचा नाव सांगतो. मग त्याला देवापाशी ठेवायचं, भात दाखवायचा. तेव्हा तो घरचा होतो. नाहीतर काठाकाठानं हिंडत राहतो, उपाशी.

आम्ही गेलो होतो. माझ्या जाळ्यानं फेक टाकला. एवढी भरलेली नदी, पण जाळ्यात गाळ आणि पालापाचोळा. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. गावच्या देवाजीबुवांनी मान हलवली. “हे त्याच्या हातचं जाळं नोहे. तो कसा वळखंल?”

त्या दिवसापासून आमच्या मायनं घराच्या दाराला कडी लावू दिली नाही. भागीरथाबाई म्हणजे आमची माय, मोतीबिंदूनं डोळे गेलेली. थंडी पडली, कुत्री आत शिरू लागली, तरी दार सताड उघडं. “माहा लेक रातच्यानं आला अन् दार लागलं दिसलं तं?” असं म्हणून ती उंबऱ्याशी बसून राहायची. जेवण नावापुरतं. ती अशीच बसल्या बसल्या संपणार हे आम्हाला दिसत होतं. वहिनी तर बोलायचीच बंद झाली होती. एक दिवस लोट्यात वैनगंगेचं पाणी घेतलं आणि मला म्हणाली, “चाला भाऊजी. त्याईचं जाळं आनू.”

नागभीडला गाडी बदलून, धक्के खात आम्ही शहरात आलो. अजायबघरात काय नव्हतं! पहिल्याच दालनात पेंढा भरलेला वाघ. त्याचं काय कौतुक, आम्ही जिवंत पाहिलेत. पुढं विज्ञानाच्या दालनात हाडांचा माणूस टांगलेला. मग गंजक्या तलवारी आणि जुनी नाणी. चित्रांच्या दालनात तर अशा अशा बाया रंगवल्या होत्या की वहिनीबरोबर चालताना मी मान वर केली नाही. आणि शेवटल्या दालनात गोविंदा.

पहारेकऱ्याचं नाव गुणवंतराव. खेकसला खरा, पण आम्ही कोण ते कळल्यावर आम्हाला साहेबांकडे घेऊन गेला.

साहेब भला माणूस होता. वहिनीला खुर्ची दिली. ती खाली फरशीवर बसली.

“जाळं आम्ही रीतसर बदली देऊन घेतलंय, बाई. आता ते सरकारी झालं.”

“एका दिसापुरतं द्या, साहेब. वापस आनून देतो.”

“आज इथला शेवटचा दिवस आहे. उद्या हे सगळं पेट्यांत भरून दिल्लीला जायचंय. मोठं प्रदर्शन आहे तिथं. तुमच्या नवऱ्याला सारा देश पाहील. अभिमान वाटायला हवा तुम्हाला.”

वहिनीनं पदर तोंडात कोंबला. मग काढला. “माहा मानूस उपाशी आहे, साहेब. देस पाहून त्याचं पोट भरन का?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, हिला जरा समजाव. मी काय समजावणार?

“मंग मले पन दिल्लीले धाडा,” ती म्हणाली. “काचेत उभी करा त्याईच्या बाजूले. मी हालनार नाई. डोये पन मिटनार नाई.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “माझ्या हातात असतं तर दिलं असतं,” एवढंच म्हणाले आणि उठून गेले. त्यांना शिव्या घालाव्यात असंही ते बोलले नाहीत, याचाच मला राग आला.

आम्ही पुन्हा काचेपाशी येऊन भिंतीला टेकून बसलो. शाळेची पोरं रांगेनं येऊन गेली. एक मास्तर सांगत होते, “हा पाहा मासेमारी करणारा इसम.” इसम! त्या इसमानं मला पोहायला शिकवलं होतं. वहिनी जाळ्याकडे टक लावून बसली होती. उन्हं उतरली, गर्दी ओसरली. आता आम्हाला हुसकावतील आणि आम्ही मोकळ्या हातानं घरी जाऊ, माय उंबऱ्यातून विचारेल, आणला का?

तेवढ्यात गुणवंतराव किल्ली आणि फवारायचा पंप घेऊन आला. काचेचं दार उघडता उघडता माझ्याशी बोलला, “जाळ्याला कसर लागलीय. माशाचा वास मुरलेला, कीड लागणारच. पेटीत भरायच्या आधी डीडीटी मारून ठेव म्हणालेत.”

आणि त्यानं पंप मारला.

तो वास वहिनीला ठाऊक होता. मलेरियावाले गावात फवारून गेले होते तेव्हा घरातल्या माश्या, झुरळं, पाली, सगळं अंगणात मरून पडलं होतं. ती ताडकन उठली. “थांबा वो भाऊ! थांबा! काही जित्तं आहे त्याच्यात!”

जाळ्याच्या घड्यांतून खरंच भुरकट पाकोळ्या उठल्या होत्या. कसरीच्या असतात तसल्या, नखाएवढ्या. उठायच्या आणि भेलकांडून पडायच्या.

“भाऊजी, आवाज द्या! लवकर आवाज द्या!”

हाक मारायचा मान भावाचा. मी तोंड उघडलं. पण ते दालन, तो पहारेकरी, दाराशी रेंगाळलेले शहरातले लोक... मला लाज वाटली आणि मी तोंड मिटलं. आणि पाकोळ्या मरत होत्या.

तेव्हा वहिनीनं हाक मारली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. उखाण्यातही लाजून पळाली होती. ती त्या घाऱ्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि ओरडली, “गोविंदा! गोविंदा, घरी चाल! माय वाट पाहून राह्यली, गोविंदा!”

दाराशी कुणीतरी हसलं. गुणवंतरावानं अशा नजरेनं पाहिलं की ते हसू तिथंच बंद झालं. पंप त्यानं खाली ठेवला होता.

वहिनीनं जाळ्याखाली पदर पसरला. एक पाकोळी फडफडत खाली आली आणि पदरात पडली. उठली, पुन्हा पडली. वहिनीनं ओंजळ झाकली. लोटा उचलला आणि त्यातलं वैनगंगेचं पाणी सरळ त्या गुळगुळीत फरशीवर ओतून दिलं.

“पान्यानं एक डाव नेलं,” ती म्हणाली. “आता नाई नेऊ देत.”

पाकोळी रिकाम्या लोट्यात घातली, वर फडकं बांधलं. फरशीवर पाण्याचं थारोळं झालं होतं. आता हा खेकसणार असं मला वाटलं. गुणवंतराव खाली बसला आणि आपल्या खांद्यावरच्या पंच्यानं पाणी पुसू लागला. “जा बाई,” म्हणाला, “गाडी चुकेल.”

गाडीत वहिनीनं लोटा मांडीवर ठेवला नाही. कानाशी धरून बसली. आत फडफड ऐकू येत असावी, कारण मधूनच तिचा चेहरा हलायचा. कुणी धक्का दिला की सारा डबा ऐकेल असं भांडायची. इतक्या दिवसांनी तिला भांडताना पाहून मला बरंच वाटलं. नागभीडला दुसऱ्या गाडीत चढलो. थंडी वाढली. पुढं कधीतरी तिनं लोटा कानापासून काढला आणि मांडीवर घेतला. मग वडशापर्यंत तो पुन्हा कानाशी नेला नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

उजाडता उजाडता गावात पोचलो. नदीवरून धुकं घरांपर्यंत आलं होतं. आमचं दार उघडंच. अंगणात वहिनी थांबली.

“भाऊजी, हालून नाई राह्यला.”

“मालूम आहे, वयनी.”

“मंग? काय करू? खोटं कसं सांगू? देवाधरमाचं काम आहे हे.” तिनं लोट्यावरचं फडकं चाचपलं. “इतक्या दूर जाऊन मेलेलंच आनलं वो मी!”

परत नदीवर जावं म्हणावं, तर जाळं आजच दिल्लीला निघणार होतं. आमची चाहूल लागली असावी. आतून मायचा आवाज आला, खरखरीत, घाईचा.

“कोन आला वो? कोन आहे दारात?”

वहिनीनं डोळे मिटले. मी पाहिलं, तिनं लोटा छातीशी घट्ट धरला.

“तुमचा गोविंदा आला, आत्याबाई.”

“ये रे बापा! ये, ये! किती उशीर केला!”

माय चाचपडत उंबऱ्यापर्यंत आली. तिनं हात पुढं केले आणि वहिनीनं लोटा त्यांत ठेवला. रात्रभराच्या थंडीनं पितळ बर्फासारखं झालं होतं. मायनं त्यावरून तळवा फिरवला, गालावरून फिरवावा तसा, आणि तिला रडू कोसळलं.

“किती गारठला माहा लेक! इतके दिस पान्यात होता नं.”

तिनं लोटा देवापाशी नेला. गोविंदाची जुनी घोंगडी ओढून त्याच्याभोवती लपेटली आणि वहिनीला म्हणाली, “उभी काऊन? चूल पेटव. भात टाक. भुका असंल तो.”

वहिनी चुलीपाशी गेली. तांदूळ धुण्याचा आवाज मी ऐकला. ती रडत नव्हती, तांदूळच पुन्हा पुन्हा धूत होती.

“बाबुलाल,” माय म्हणाली, “आता दार लाव बापा. वारा येऊन राह्यला त्याले.”

मी दार ओढून घेतलं आणि कडी घातली.