पिवळी माय कोणाकडे चालली?

बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर माणसं दाटली होती. मधोमध मोहाचं एक कुजकं खोड आडवं पडलेलं आणि त्यावर हळद कालवून ओतावी तसा पिवळाधमक, ओलसर गोळा. आदल्या संध्याकाळी तो खोडाच्या टोकाला होता. सकाळी वरचं ओलं पोतं काढलं, तर तो पार मध्यावर सरकलेला आणि त्याला बोटांसारख्या शिरा फुटलेल्या.

"चालली! पिवळी माय चालली!" हिरालाल महाराज गरजला. "बिनपायाची चालते, बिनतोंडाची बोलते! जिच्या घराकडे चालन, तिनंच लेकरू धरलं!"

शिरा म्हाताऱ्या बायजाबाईच्या झोपडीकडे रोखल्या होत्या.

लेकरू म्हणजे माझी भाची टीना. मी लाखांदूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. टीना तापानं फणफणली आहे हे कळताच एसटीनं माहेरी आले होते. पिवळ्या मायनं करणीवालीचं नाव सांगेपर्यंत पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही, असं महाराजानं बजावलेलं. माझा भाऊ कैलाश पूजेच्या ताटापाशी हात जोडून बसला होता. ताटात कुंकू, लिंबं आणि एक पक्कड.

"पक्कड कायले रे?" मी विचारलं.

तो मान वर न करता म्हणाला, "करणीवालीचे दात पाडले का मंतर खुंटते म्हणते महाराज. सांजेले."

आमच्या घरातली सगळी बाळंतपणं बायजाबाईनं केली होती. ती म्हातारी स्वतःच्याच दाराशी उकिडवी बसली होती आणि गावातली माणसं तिला उठू देत नव्हती.

आधी पोरगी. मी घरी धावले. वहिनी रिता टीनाच्या कपाळावर ओली पट्टी धरून होती. "ताई, नेऊ का मी हिले दवाखान्यात?" तिनं विचारलं. मी "जा" म्हणेपर्यंत तिनं पोरीला खांद्यावर घेतलंही होतं. कैलाश आडवा आला, तशी ती म्हणाली, "तुमच्या पिवळ्या मायले जे सांगाचं ते सांगू द्या. माही पोरगी मरून राहिली." तो बाजूला झाला. ऑटो निघाला.

मी खोडाकडे परतले. भोवती पांढरं रिंगण होतं, पण बायजाबाईच्या झोपडीच्या बाजूला ते उघडं. तिथं खोडावर ओल्या कोंड्याची जाड रेघ.

"महाराज, हे काय?"

"मायचा निवद. अन् ते मंतरलेलं रिंगण. बाईमाणसानं शिवू नोको!"

मी रिंगणातली चिमूट उचलून जिभेवर ठेवली. मीठ होतं.

"मारोतराव," मी पोलीस पाटलांना म्हणाले, "सांजेपर्यंत थांबा. या मायले मी दुसरीकडे चालवून दाखवते."

महाराज हसला. "मास्तरीण माय चालवणार!" लोकही हसले. पण मारोतरावांनी मान हलवली.

मी पिवळ्या गोळ्यासकट सालीचा तुकडा एका भिजलेल्या फळीवर ठेवला. बायजाबाईच्या बाजूला मीठ टाकलं, महाराजाच्या आसनाच्या बाजूला कोंडा. वर ओलं पोतं. मारोतराव स्वतः राखणीला बसले. आभाळ दाटून आलं होतं, पान हलत नव्हतं. महाराज मोठमोठ्यानं मंत्र म्हणत राहिला; दुपार कलली तसा त्याचा आवाज बसत गेला. लोकांची नजर एकदा पोत्यावर जाई, एकदा पकडीवर.

दिवस मावळायच्या आत मारोतरावांनी पोतं उचललं.

पिवळी बोटं मिठापासून मागे हटली होती आणि पंख्यासारखी पसरत थेट महाराजाच्या आसनाकडे निघाली होती.

मग मारोतराव सावकाश म्हणाले, "आता कोणाचे दात पाडाचे, महाराज?"

कैलाशनं पक्कड उचलली. त्याचे डोळे मला ओळखू आले नाहीत. माणसं महाराजाकडे सरकली आणि तो मागे मागे जात खोडावर आपटला.

मी दोघांच्या मधे उभी राहिले. "कोणाचेच नाही! कैलाश, खाली ठेव ते! अजून तुम्ही तेच करून राहिले ना? हा एक बुळबुळीत जीव आहे. श्लेष्मबुरशी म्हणतात याले. पावसाळ्यात कुजक्या लाकडावर येते. खाणं, ओल, अंधार दिसला का तिकडे सरकते. मीठ, ऊन टाळते. या महाराजानं मिठानं वाट अडवली अन् कोंड्यानं दाखवली. एवढंच."

पक्कड चिखलात पडली. मारोतरावांनी पोलिसांना फोन लावला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली महाराजाला त्यांनी नेलं. दवाखान्यातून रिताचा फोन आला. टीनाला मलेरिया होता, औषध सुरू झालं होतं. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं.

लोक पांगू लागले, तेव्हा बायजाबाई पहिल्यांदा उठली. हळूहळू फळीपाशी आली.

"तृप्ती," ती मला म्हणाली, "अन् आपल्या मनानंच ते माह्या घराकडे आलं असतं, तं?"

जाणारी माणसं थबकली. कैलाश जमिनीकडे बघत होता.

"आलं असतं, काकू. तुह्या दारात ओल आहे, कुजकी लाकडं आहेत. उद्याही ते येईन," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "त्याले भूक समजते. पाप समजत नाही. कोण गुन्हेगार, कोण नाही, हे ठरवाले माणसाजवळ डोकं आहे. ते वापरा."