कॅटलियाची रात्र

वायरमनच्या मागच्या खोलीचं ऊन तुम्ही खाल्लंत. हो, तुम्हीच, पालिकेत बसून इमारतींच्या नकाशावर शिक्का मारणारे. दोन इमारतींमध्ये किती जागा सुटली पाहिजे हे तुमच्याच नियमात लिहिलेलं आहे, आणि तरी खिडकीतून हात काढला तर समोरच्या भिंतीला लागेल इतक्या जवळ दुसरी इमारत उठली. तुम्ही पाहायला आला नाहीत असंही नाही. आलात, खाली उभे राहिलात, मान वर करून बघितलंत आणि चालते झालात.

त्या खिडकीत एक ऑर्किड होतं. कॅटलिया जातीचं, वायरमनच्या बायकोचं. कुणीतरी टाकून दिलेलं तिनं उचलून आणलं होतं आणि झाडाच्या सालींच्या तुकड्यांत लावलं होतं. दर हिवाळ्यात त्याला तळहाताएवढं जांभळं फूल यायचं, आणि ते असेपर्यंत ती कुणाशी भांडायची नाही. ऊन गेलं तसं झाड पिवळं पडत चाललं.

वायरमन हातावर हात धरून बसणारा माणूस नव्हे. त्यानं निकामी झालेल्या खिडकीवर प्लायवूड ठोकलं, खोलीला पांढरा रंग दिला, फळ्या मारल्या आणि फळ्यांखाली ओळीनं ट्यूब लावल्या. सकाळी टायमरवर आपोआप लागायच्या, संध्याकाळी आपोआप विझायच्या. झाड वाचलं, तरारलं. मग वायरमनला त्याची चटकच लागली. आणखी ऑर्किडं आली, त्यांच्यासाठी पंखा आला, पाण्याचा फवारा आला. लग्न झालेली मुलगी घरी आली की विचारायची, "बाबा, माझ्या धाकट्या बहिणी कशा आहेत?"

"बहिणी कसल्या, सवती आहेत माझ्या," बायको म्हणायची. "त्यांना दिवा, त्यांना वारा, त्यांना आंघोळ. मला नुसतं 'अगं, ऐकलंस का?'"

म्हणायची हसूनच. पण उरलेल्या घरात भर दुपारी दिवा लावावा लागायचा, आणि तो दिवा तरी कसला, कावीळ झाल्यासारखा. लोकांच्या दिवाणखान्यांत झुंबरं टांगणाऱ्या या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरातला दिवा बदलायला सवड नव्हती. बायको शिंप्याकडून काजं करायला सदरे आणायची. बारीक टाका, डोळ्यांचं काम. घरचं आटपून ती संध्याकाळीच मोकळी व्हायची. ट्यूब विझल्या की मागच्या खोलीत जायची, भिंतीवरचा खटका दाबून त्या परत लावायची आणि झाडांमध्ये खुर्ची टाकून बसायची.

सगळं होतं, फूल तेवढं येत नव्हतं. पानाच्या बगलेत हिरवं पाकीट धरायचं. कळी त्या पाकिटातून यायला हवी, पण पाकीट रिकामंच वाळून जायचं. वायरमननं रोपवाटिकेत विचारलं. तिथला माळी म्हणाला, "या जातीला कळी धरायला लांब रात्र लागते. अंधारात मध्येच उजेड पडला की फसलंच. संध्याकाळनंतर दिवा लागतो का तिथं?"

वायरमन तणतणत घरी आला. बायको खुर्चीत होती, मांडीवर सदरा.

"ऊठ."

"का? आग लागली?"

"तुझ्यामुळं फुलत नाही ते. काळोख पाहिजे त्याला."

"अहो, दोन काजं राहिलीत. तेवढी होऊ द्या."

"रोजचंच आहे तुझं, तेवढी होऊ द्या! काळोख म्हणजे काळोख."

"इथं काळोख होतो तरी कुठं? कात्री राहिली तर दिवा न लावता घेऊन जाते मी."

"पुरे झालं शहाणपण!"

त्यानं पकड काढली, खटका पत्र्याच्या पेटीत बसवला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. ती बघत होती. उभ्या संसारात भांडणं ढिगानं झाली होती, पण तिच्यासमोर कुलूप कधी लागलं नव्हतं. तिनं सदऱ्यांची घडी केली. थोड्या दिवसांनी "जरा लेकीकडे जाऊन येते" म्हणून निघाली. निघताना शिवणाचा डबा बरोबर घेतला. पाहुणी म्हणून जाणाऱ्या बाईला तो कशाला लागतो, हे या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. फोनवर ती म्हणायची, "येईन हो." आली नाही.

हिवाळा आला. पाकीट धरलं आणि पुन्हा रिकामं वाळलं.

आता खटका दाबणारी तर घरात नव्हती. टायमर बिघडला की काय म्हणून एका संध्याकाळी तो तिच्या खुर्चीत बसून राहिला. ट्यूब वेळेवर विझल्या. डोळे सरावले, आणि पांढऱ्या भिंतीवर त्याला स्वतःच्या डोक्याची सावली दिसली. शेजारी पानांच्या सावल्या, अगदी रेखीव. वरचा झरोका त्यानं हवेसाठी उघडा ठेवला होता. त्यातून दोन इमारतींमधल्या बोळातल्या खांबावरच्या दिव्याचा झोत थेट फळीवर पडत होता. दिवा तुमचा. घरांत उजेड येत नाही म्हणून सगळ्यांनी मिळून तक्रार केली, तेव्हा तुम्ही न्याय दिलात तो हाच, बोळात रात्रभर जळणारा दिवा! ट्यूब विझल्यावर वायरमन कधी त्या खोलीत थांबलाच नव्हता.

तिनं सांगितलं होतं. तोंडावर सांगितलं होतं.

त्यानं झरोक्याला काळा पत्रा लावला, हवेपुरती फट ठेवून. खटक्याची पेटी उखडून फेकली. पुढच्या हिवाळ्यात पाकीट फुगलं, फूल उमललं. त्यानं फोन लावला.

"फूल आलं."

"हो का? केवढं?"

"पूर्वीएवढंच. ते तुझ्यामुळं नव्हतं गं. बोळातला दिवा आत येत होता."

"मी म्हटलंच होतं."

"म्हटलं होतंस. स्वयंपाकघरात नवा दिवा लावलाय. एकदम लख्ख."

"आता लावलात होय?" ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "इथं खिडकीशी बसते मी. ऊन पायांवर येतं. तिथं येऊन बसू कुठं?"

"खोलीत बस. झाडं देऊन टाकतो सगळी."

"देऊ नका. मग तुम्ही काय कराल दिवसभर? आणि झाडं दिल्यावर खिडकी उघडणार आहे का?"

फोन ठेवल्यावर तो फुलासमोर उभा राहिला. सुरेख फूल होतं, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

कुलूप त्यानं घातलं. ते त्याचंच पाप, तो ते तुमच्या माथी मारत नाही. ज्या दिव्याला एक दुपार पुरली असती तो त्यानं वेळेवर लावला नाही, तेही त्याचंच. पण तिनं जे विचारलं त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही. म्हणून आज सकाळी तो तुमच्या कार्यालयात आला. शिपाई म्हणाला, "साहेब जेवायला गेलेत."

"सकाळी दहाला?"

"उद्या या."

"नाही येत. साहेबांना सांग, माझ्या बायकोनं विचारलंय, त्या घरात तिनं बसायचं कुठं? मी या बाकावर आहे. उत्तर घेऊनच तिला फोन करणार आहे. बोलाव त्यांना."