लाल कडीची खुडूक

पंकजने हात पुढे केला आणि कोंबडीने त्याच्या अंगठ्याला कचकन टोच मारली. रक्त आलं. संत्र्याच्या खोक्यात, तणसावर ती पंख फुगवून बसली होती. पायात लाल कडी.

"ही कवापासून खुडूक आहे, मावशी?"

"आज एकोणीस दिवस झाले," पुष्पा म्हणाली. "अकरा अंडे आहेत. कान लावा, आतून टोकरून राहिले पिल्लं."

पंकजने कान लावला नाही. लाल कडी म्हणजे लस टोचलेली. कोंबडीला अंड्यांवर बसवणाऱ्या हार्मोनविरुद्ध तिचंच शरीर उभं करायचं, म्हणजे ती खुडूक होणार नाही, अंडी देत राहील, असा पंकजच्या खात्याचा प्रयोग. रामाकोना गावात पुष्पाच्या सहा कोंबड्यांना त्यानेच सुया मारल्या होत्या. त्याच्या वहीत सहाही कोंबड्यांपुढे 'बसली नाही' असं लिहिलेलं होतं. उद्या पाहणीला मोठे साहेब येणार होते.

"एक काम करा," तो हळू आवाजात म्हणाला. "हिले थंड्या पाण्यात तीन-चार डाव बुचकळा, अन् टोपल्याखाली झाका. खुडूक मोडते."

पुष्पाला हसूच फुटलं. "हे त माही माय करे. मंग तुमची सुई कायले होती जी?"

"बाकीच्या पाच नाही बसल्या न? एकीनं काय होते?"

"पाच नाही बसल्या, तर पाच लिहा. अंडेबी जास्त दिले त्याईनं, तेबी लिहा. ही बसली, हे काहून नाही लिहत? दर सोमवारी गाडीवरून न उतरता 'सब ठीक?' इचारून चालले जाता. ही काय रस्त्यावर येऊन सांगणार होती तुमाले?"

ओट्यावर बसलेला तिचा नवरा शालिकराम खाकरला. "करून टाक न. पिल्लं काय, पुन्हा निघतीन. उद्या कागदावर सही मागतीन ते तुले."

"सही माही आहे न? मंग मी पायलेलंच लिहा म्हणा."

पंकजने रिकामी बादली उचलून तिच्यापुढे ठेवली. "माही नोकरी जाईन, मावशी."

पुष्पा बादली घेऊन नळावर गेली, काठोकाठ भरून आणली. पंकजचे खांदे सैल पडले.

"अंगठा धुवा," ती म्हणाली. "रक्त वाहून राहिलं."

दुसऱ्या दिवशी जीप दारात थांबली. अंगणात साहेबांसाठी एकच खुर्ची मांडलेली होती, तिच्यावर धुतलेला टॉवेल. टॉवेलवर संत्र्याचा खोका.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं.

"जरा उभे राहा जी," पुष्पा म्हणाली. "ती बसली आहे."

साहेब वाकले. लाल कडी पाहिली. मग मागे वळून पंकजकडे पाहिलं. त्याच्या अंगठ्याला चिंधी होती. त्याने वही उघडली, एक ओळ खोडली आणि पेन टेकवून तसाच थांबला.

"काल एकोणीस म्हणल्या न, मावशी?"

"आज वीस."