भोवऱ्याचं काय करायचं?

भोवरा या घोड्याच्या पुढच्या पायाची शीर शेवटच्या शर्यतीत तुटली आणि तबेल्यातले सगळे एकदम दयाळू झाले. त्यात मालकीणबाई सर्वांत दयाळू. सकाळी मोटारीतून उतरल्या त्याच डोळे पुसत.

"डॉक्टर, सुई देऊन टाका. धावणंच संपलं, तर उरलं काय त्याचं?"

जनावरांचे डॉक्टर खाकरले. "धावणार नाही, पण जगेल. चालेल, चरेल."

"लंगडत? छे, मला नाही बघवणार." मग त्या जॉकीकडे वळल्या. "तूच सांग बाबा. तुझा हक्क पहिला."

त्याला सगळे अजून जॉकीच म्हणत. दोन वर्षांपूर्वी भोवरा वळणावर कोलमडला आणि त्याच्याखाली याच्या मांडीचा चुरा झाला. तेव्हापासून हा नुसता खरारा करायचा. भोवऱ्यावर त्याचा दात असणार, असं सगळे धरून चालत. होताच. त्या घोड्याशी तो एक शब्दही बोलत नसे.

पण 'लंगडत' ऐकलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इस्पितळात तो शुद्धीवर येत होता, तेव्हा याच बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून त्याच्या बायकोला म्हणाल्या होत्या, "आता याचं काय करायचं गं?" जणू खुर्चीचा पाय मोडला होता.

"गरज सरो नि वैद्य मरो!" तो ओरडला. "तुम्हाला बघवत नाही ना? मग बघू नका! त्यासाठी त्याचा जीव कशाला?"

मालकीणबाई एक पाऊल पुढे आल्या.

"कोणाशी बोलतोयस?"

"तुमच्याशीच."

"एवढा पुळका आहे तर ने घरी. बांध उशाशी!"

"नेतो."

बोलून बसला. घर तिसऱ्या मजल्यावर, खोल्या दोन. डॉक्टरांनी जनावरांची गाडी मिळवून दिली आणि दुपारी त्याने भोवऱ्याला थोरल्या बहिणीच्या रोपवाटिकेत उतरवलं.

ताई मातीच्या हातांनीच धावून आली. "मला विचारलंस? ज्यानं तुला जन्माचं अधू केलं, तो माझ्या दारात? अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

"प्रेम उतू चाललंय असं समजू नकोस. अजून राग येतो मला याचा."

"मग?"

"राग येतो म्हणून मारायचं असतं, तर तुझ्या हातून भाऊजी आजवर वाचले असते का?"

ताईने ओठ घट्ट मिटले. हसू दाबलं की शिवी, कळलं नाही. "मागच्या पडीक तुकड्यात बांध. माझ्या रोपांना तोंड लावलं, तर दोघांनाही हाकलीन."

संध्याकाळी मालकीणबाईंचा फोन आला. आवाजात साखर. "अरे, मी भोवऱ्याला जीवदान दिलं म्हणून लोक किती कौतुक करतायत! डॉक्टरांकडून पत्ता घेतलाय, उद्या फोटोवाल्याला घेऊन येते."

त्याच्या कानशिलाची शीर ताडताड उडायला लागली. "फाटकाला कुलूप आहे."

"मग उघड की."

"किल्ली हरवली," म्हणत त्याने फोन बंद केला आणि तो लंगडत ताईच्या घराकडे निघाला.

"ताई, एखादं दणकट कुलूप आहे का गं?"

"कशाला?"

"आधी दे. मग सांगतो."