काउंटरवरची बाटली आणि थोरलीचा गाल

मित्रांनो, मी जुनी झाले आहे असे म्हटले तर तुम्ही हसाल, कारण मला जन्माला येऊन अजून वर्षही झालेले नाही. पण आमच्या जातीत इतके महिने उघडी राहिलेली बाटली म्हणजे म्हातारीच. मी चेहऱ्याला लावायच्या एका महागड्या सीरमची बाटली आहे. सीरम म्हणजे किंचित चिकट असा पातळ रस. तो लावला की कोरड्या कातडीत ओलावा टिकतो, असे सांगतात. ते कितपत खरे आहे हे मला ठाऊक आहे, कारण तो रस माझ्याच पोटात होता.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेली असत, नुसते डोळे दिसत. मोठ्या चकचकीत टाकीत रस घुसळला जाई. त्यात बहुतेक पाणीच होते. मग ग्लिसरीन, पाणी धरून ठेवणारी एक पांढरी भुकटी, नावापुरता फुलाचा अर्क आणि भरपूर सुगंध. खरे सांगायचे तर माझ्या निळ्या काचेवर, चंदेरी झाकणावर आणि मखमली अस्तराच्या खोक्यावर जेवढी मेहनत झाली, तेवढी आतल्या रसावर झाली नसेल. नाकापेक्षा मोती जड, दुसरे काय! पण तेव्हा मी लहान होते. मला माझ्या रूपाचा फार अभिमान वाटत असे.

माझ्या इतर बहिणी खोक्यांत बंद झाल्या. मी मात्र टेस्टर झाले, म्हणजे गिऱ्हाइकांनी थेंबभर लावून पाहावे म्हणून दुकानात उघडी ठेवलेली बाटली. एका मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर, काचेच्या काउंटरवर मला जागा मिळाली. वर इतके दिवे होते की तिथे उभ्या राहणाऱ्या कुणाच्याही कातडीला आपोआप चकाकी येई. बायका येत, हातावर थेंब घेत, बोटाने पसरवत आणि म्हणत, “किती मऊ!” मी फुलून जाई. त्या मऊपणात दिव्यांचा वाटा किती आणि माझा किती, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

मला हाताळणारी विक्रेती मुलगी घरात धाकटी होती, म्हणून मी तिला धाकटीच म्हणेन. आई-वडील लवकर गेल्यावर थोरल्या बहिणीने तिला वाढवले होते. धाकटीचा आवाज गोड होता. कंपनीने शिकवलेले वाक्य ती पाढ्यासारखे म्हणे: सगळ्या त्वचांना चालतं, पहिल्याच आठवड्यात फरक दिसतो. ते तिने म्हटले की नाही हे ऐकायला दुकानाच्या व्यवस्थापक बाई खांबाआड उभ्या असत. मुलींनी त्यांचे नाव फौजदारीणबाई ठेवले होते. धाकटी स्वतः मात्र घरी साधे डबीतले क्रीम लावी. मी असले काही वापरत नाही, असे तिने शेजारच्या काउंटरवर अत्तरे विकणाऱ्या मुलीला एकदा हसत सांगितले होते. मला तेव्हा राग आला होता.

एके दुपारी काउंटरपाशी एक बाई बिचकत आली. अंगाला नुकत्याच धुतलेल्या सुती कपड्यांचा वास येत होता. तिच्या गालांवरचे पापुद्रे सुटले होते, ओठांच्या कडा फाटल्या होत्या आणि कपाळ वाळक्या सालीसारखे दिसत होते. धाकटी दचकली आणि तिच्या तोंडून ‘ताई’ निघून गेले. ती तिची थोरली बहीण होती.

थोरली मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत कामाला होती. कपडे वाळवणाऱ्या यंत्रांपाशी ती उभी असे. यंत्राचे दार उघडले की आतला कोरडा, गरम वारा सरळ तोंडावर येई, आणि दिवसभर दारे उघडायची आणि लावायची हेच तिचे काम होते. चेहरा फार ओढतो, एवढेच तिने बहिणीला सांगितले. धाकटीने तिच्या हातावर माझा एक थेंब टाकला. थोरलीने तो जिरवला आणि दोन्ही हात दिव्याखाली शेजारी शेजारी धरले. एक हात तुकतुकीत दिसत होता, दुसरा राखेसारखा. ती कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने हळूच विचारले, “घेऊ का गं?”

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! मी सांगितले असते की बाई, मी पाणी धरून ठेवते, पण हवेत पाणी असेल तर. तुझ्या त्या भट्टीच्या वाऱ्यात मी एकटी कुणाला पुरणार? शाबूत कातडीवर मी दोन घटका तजेला आणते, पण फाटलेल्या कातडीवर माझा सुगंध झोंबेल. मला घेऊ नकोस. पण मी तशीच चकाकत उभी राहिले.

धाकटीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि एकदा खांबाकडे. फौजदारीणबाई तिथेच होत्या.

“सगळ्या त्वचांना चालतं,” धाकटी म्हणाली. “पहिल्याच आठवड्यात फरक दिसतो.”

थोरलीने मान डोलावली. इतर बायका हे वाक्य दुकानदाराचे म्हणून ऐकत आणि त्यातले निम्मे सोडून देत. थोरलीने ते बहिणीचे म्हणून ऐकले आणि सगळेच्या सगळे पदरात बांधून घेतले. नंतर बघू, असे म्हणून ती गेली.

धाकटीच्या मनाला ते लागून राहिले होते. घरी गेल्यावर ताईला खरे सांगेन, असे ती अत्तरवालीला म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, काल राहून गेले. दोघी एकाच घरात राहत, पण त्यांच्या पाळ्यांची चुकामूक होती. एक घरी येई तेव्हा दुसरी झोपलेली असे. त्यातच थोरलीने जादा पाळ्या धरल्या होत्या. दमून आलेल्या माणसापुढे कुठे हा विषय काढायचा? आणि ताई इतकी महाग वस्तू थोडीच घेणार आहे? मग विषय आपोआप मागे पडला. त्या जादा पाळ्या कशासाठी होत्या, हे धाकटीला कळले नाही.

मला कळले. धाकटीच्या सुट्टीच्या दिवशी थोरली पुन्हा आली, बहीण नसेल हे बघूनच आली. त्या दिवशी आमचा काउंटर अत्तरवाली सांभाळत होती. थोरलीने तिच्याजवळ मन मोकळे केले. तिला एक लहान मुलगी होती, सगळे तिला पिटुकली म्हणत. पिटुकलीचे बाबा जहाजावर कामाला होते, त्यामुळे पोरीला आई आणि मावशी याच दोघी. काही दिवसांपासून आई पापी घ्यायला वाकली की पिटुकली तोंड फिरवायची.

“मुद्दाम नाही करत हो ती,” थोरली म्हणाली. “टोचतं म्हणते. खरंच टोचत असणार. लेकरू खोटं कशाला बोलेल?”

हे सांगताना ती हसत होती, आणि मधेमधे गालावरून हात फिरवत होती. अत्तरवालीचे डोळे भरून आले. तिने मनापासून जे माहीत होते ते सांगितले. तेही तेच वाक्य होते. मग माझ्या शेजारच्या कपाटातून माझी एक बहीण खोक्यासकट बाहेर निघाली आणि थोरलीच्या पिशवीत गेली. धाकटीला सांगू नकोस, तिला गंमत दाखवायची आहे, असे थोरलीने बजावले. अत्तरवालीने शब्द दिला आणि तो पाळला. त्यात काही वाईट घडेल असे तिला वाटण्याचे कारणच नव्हते.

पुढच्या सकाळी धाकटी गुणगुणत आली आणि मला फडक्याने पुसू लागली. जिला सर्वात आधी कळायला हवे होते तिलाच काही ठाऊक नव्हते, आणि मला सगळे ठाऊक होते. तिची बोटे माझ्याभोवती होती. इतक्या जवळ असूनही मी तिला काही सांगू शकले नाही. बाटलीचा जन्म किती परस्वाधीन, हे मला त्या सकाळी कळले.

त्यानंतर माझे दिवस फिरले. झाकण सैल झाले, तोंडाशी चिकटा धरला, रस पिवळसर पडला, वासही बदलला. बायका मला उचलून नाक मुरडू लागल्या. मग कंपनीने नव्या आकाराच्या बाटल्या पाठवल्या आणि मला टाकाऊ सामानाच्या खोक्यात भिरकावले. दिवे गेले, मान गेला. धाकटीला माझी निळी काच आवडायची. पिटुकलीला खेळायला होईल म्हणून तिने मला पर्समध्ये टाकले आणि संध्याकाळी घरी नेले.

घर दोन खोल्यांचे होते. मला धुऊन घ्यावे म्हणून ती मोरीत गेली आणि फळीवर मला ठेवता ठेवता तिचा हात थांबला. साबणाच्या डबीमागे माझीच बहीण उभी होती. ती निम्मी रिकामी होती.

थोरली घरी आली तेव्हा धाकटी तिथेच बसून होती. तिने बहिणीच्या तोंडावरचा रुमाल स्वतःच्या हाताने सोडला. उष्णतेचा त्रास होतो असे सांगून थोरली हल्ली तो बांधूनच वावरत असे. रुमालाखालचे गाल लालबुंद होते, ठिकठिकाणी फुटले होते.

“आग होत होती तर थांबवलं का नाहीस, ताई?”

“तू म्हणाली होतीस ना, सगळ्यांना चालतं,” थोरली म्हणाली. “मला वाटलं माझंच कातडं हट्टी आहे. म्हणून जरा जास्तच लावत गेले.”

 मग धाकटीने सगळे सांगितले. हे आपण स्वतः कधी लावत नाही, तुझ्या कामाच्या जागी याचा उपयोग होणार नाही हे मनात आले होते, पण त्या दिवशी मागे फौजदारीणबाई उभ्या होत्या, नोकरीची भीती वाटली, असे ती रडत रडत बोलत राहिली. थोरलीने तिचे सारे ऐकून घेतले. ती ओरडली नाही. रुमालाची घडी घालत एवढेच म्हणाली, “घरी तर कुणी उभं नव्हतं गं.”



दोघी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या. त्यांनी सीरम बंद केले, एक साधे बिनवासाचे मलम दिले आणि गरम वाऱ्यापासून दूर राहायला सांगितले. सांगणे सोपे होते. लाँड्रीच्या मुकादमाने सांगितले की चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर सध्या जागा नाही, झाली तर बघू. ती अजून झालेली नाही. थोरली मलम लावते, रुमाल बांधते आणि यंत्रांची दारे उघडते. जखमा भरल्या, आग थांबली. गाल मात्र खरखरीत ते खरखरीतच राहिले.

धाकटी अजून त्याच काउंटरवर आहे. फौजदारीणबाई लांब असल्या की ती गिऱ्हाइकाला विचारते, तुम्ही काम कुठे करता, कातडी कुठे फुटली आहे का. हे ती घरी बहिणीला सांगते, तेव्हा मी ऐकते. काही जणी मग न घेताच जातात. बाई जवळ असल्या की मात्र तिच्या तोंडून अजूनही तेच वाक्य निघते. त्या दिवशी तिला जेवण जात नाही. ती मोरीत येऊन उगीचच बराच वेळ तोंड धूत बसते, आणि मी फळीवरून पाहत राहते.

परवा सकाळी थोरली पिटुकलीला न्हाऊ घालत होती. अंग पुसून झाल्यावर सवयीने ती पापी घ्यायला वाकली आणि सवयीनेच मध्येच थांबली. पिटुकलीने तिच्याकडे पाहिले. काही क्षण विचार केला. मग तिने मान खाली घातली आणि आपल्या दाट ओल्या केसांवर बोट ठेवले.

“इथे दे,” ती म्हणाली. “इथे केस आहेत. इथे नाही टोचत.”

थोरलीने तिच्या टाळूवर ओठ टेकवले आणि ते उचललेच नाहीत. नळ सुरूच होता. बादली भरून वाहू लागली तरी कुणी तो बंद केला नाही. दारात धाकटी टॉवेल घेऊन उभी होती. तिला आत पाऊल टाकवेना.

मित्रांनो, मी काही विष नव्हे. शाबूत कातडी आणि दमट हवा असेल त्याला मी थोडा ओलावा देते, थोडी चकाकी देते. त्यापलीकडे माझ्यात काही नाही, मग माझे खोके कितीही मखमली असो. हे मला कुणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी मला सांगता आले नसते. आपल्या माणसाने ‘घेऊ का’ असे विचारले, तर ते वस्तूबद्दल विचारत नसते. ते तुमच्यावर विसंबत असते. तेव्हा आढेवेढे घेऊ नका, उद्यावर टाकू नका. बाटलीलाही तोंड असते, पण त्यातून नुसते थेंब पडतात. तुमच्या तोंडाला शब्द दिले आहेत. ते वेळेवर वापरा.